सातशे घोडे, चार दारं आणि एक मऊ पडलेलं पेडल

मी पोटापाण्यासाठी ब्रेक तापवते. डेट्रॉइटजवळ सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डायनोच्या, म्हणजे ब्रेकची चाचणी घेणाऱ्या यंत्राच्या खोलीत माझा दिवस जातो. जाड काचेपलीकडे डिस्क गरगरत असते, पॅड तिला धरतात, ती आधी करडी, मग तांबूस, मग शेगडीतल्या निखाऱ्यासारखी होते आणि मी तापमान उतरवून घेत असते. बारा वर्षं हेच केल्यामुळे नजरच तशी झाली आहे. एखादी वेगवान गाडी उभी दिसली की बाकीचे बॉनेट उघडायला सांगतात, मी वाकून चाकाच्या आतला कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा बघते. खालचं सगळं याच नजरेनं लिहिलेलं आहे, ते आधी सांगून टाकलेलं बरं.

प्रश्न असा, की चार दारांची, मागे मुलांना बसवता येईल अशी, पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटवणारी अमेरिकन सेडान घ्यायची तर पैसे कुठे टाकावेत? २०१८ ते २०२२ माझ्याकडे शेवरले एसएस होती. मग कॅडिलॅकची सीटी४-व्ही ब्लॅकविंग घेतली, ती आजही दारात आहे. समीरदादा म्हणजे माझ्या नवऱ्याचा, मिलिंदचा आतेभाऊ. त्याची डॉज चार्जर हेलकॅट मी इतकी चालवली आहे की त्याच्या गॅरेजच्या दाराचा कोड मला पाठ आहे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीची टेस्ला मॉडेल एस प्लेड आणि ओळखीच्या एका गृहस्थांची सीटी५-व्ही ब्लॅकविंग, या दोन्हीही मला मनसोक्त चालवायला मिळाल्या. ऐकीव माहितीवर मी लिहीत नाहीये.

एकदा जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी कागद ठेवून मी भागाकार मांडला. प्रत्येक गाडी बाजारात आली तेव्हाची मूळ किंमत, भागिले हॉर्सपॉवर. २०१५ची चार्जर स्कॅट पॅक ३९,९९५ डॉलरला आणि ४८५ हॉर्सपॉवरची, म्हणजे एका घोड्याला ८२ डॉलर. त्याच वर्षीची हेलकॅट ६३,९९५ डॉलरला ७०७ घोडे, म्हणजे साधारण ९०. माझी जुनी एसएस ४१५ घोड्यांची आणि सुमारे ४५ हजारांची, ती १०८ वर गेली. पुढच्या तीन आकड्यांशी मात्र मी थबकले. सीटी४-व्ही ब्लॅकविंग, ५९,९९० डॉलर आणि ४७२ हॉर्सपॉवर: १२७. सीटी५-व्ही ब्लॅकविंग, ८४,९९० डॉलर आणि ६६८ हॉर्सपॉवर: १२७. मॉडेल एस प्लेड, १,२९,९९० डॉलर आणि १,०२० हॉर्सपॉवर: पुन्हा १२७. एक सहा सिलिंडरची टर्बो, एक सुपरचार्जरची व्ही८, एक तीन मोटारींची विजेची. कुणी ठरवून केलेलं नाही, पण आकडा एकच. कागद समीरदादाला पाठवला तर त्याचा लगेच फोन.

"बघ, मी म्हणत होतो ना? माझी सगळ्यात स्वस्त."

"स्कॅट पॅक त्याहून स्वस्त आहे दादा."

"अगं, पण ती सातशेची नाही."

त्याचं म्हणणं खोटं नाही. हेलकॅटइतकी ताकद इतक्या पैशात चार दारांच्या गाडीत त्याआधी कुणीही दिली नव्हती. ६.२ लिटरचं हेमी नावाचं व्ही८ इंजिन, त्यावर हवा कोंबणारा २.४ लिटरचा सुपरचार्जर, आठ गिअरची ऑटोमॅटिक. कंपनीचा दावा ताशी २०४ मैलांचा, पाव मैल ११ सेकंदांत, तोही रस्त्यावरच्या साध्या टायरवर. गाडीसोबत दोन किल्ल्या यायच्या. काळी लावली तर इंजिन ५०० हॉर्सपॉवरला थांबतं, लाल लावली तर सगळं मोकळं. दादाच्या मुलाला अठरावं लागल्यावर वहिनींनी लाल किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली, ती अजून तिथेच असते. त्या इंजिनाचा आवाज मला आजही पायांच्या तळव्यांत जाणवतो. अर्धा पाय दाबला की खाली व्ही८ची घरघर आणि तिच्यावर सुपरचार्जरची बारीक, चढत जाणारी शीळ. माझ्या गाडीला हा आवाज नाही आणि त्याची उणीव मला रोज जाणवते.

जागेतही चार्जर माझ्या गाडीला मागे टाकते. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १२० इंचांचा, माझ्या सीटी४चा १०९. सासूबाई आल्या होत्या तेव्हा एअरपोर्टवर दादाचीच गाडी नेली. दोन मोठ्या बॅगा डिकीत, आई मागे पाय लांब करून बसलेल्या, शेजारी माझी मुलगी. माझ्या गाडीत तेच चौघांना करायचं तर पुढच्या सीटवरच्या माणसाला गुडघे डॅशबोर्डला लावावे लागतात. मुलगी आता चौदाची आहे आणि उंचीनं बापावर गेली आहे. ती स्पष्ट सांगते, "आई, तुझी गाडी दोघांची आहे." तिचं बरोबर आहे. घरात एकच गाडी ठेवायची असेल आणि मुलं मोठी असतील तर सीटी४ घेऊ नका, हे मी मालकीण असून सांगते.

आता जिंजरमनबद्दल. लेक मिशिगनच्या काठी साउथ हेवनजवळचा हा ट्रॅक आमच्या घरापासून अडीच-तीन तासांवर. आम्ही दोघं, म्हणजे दादा आणि मी, दोन्ही गाड्या घेऊन तिथे ट्रॅक डेला, म्हणजे आपापल्या गाड्या ट्रॅकवर पळवायच्या दिवशी गेलो. पहिल्या सत्रात दादा मला सरळ पट्ट्यावर असा ओलांडून गेला की माझी गाडी उभी आहे असं वाटलं. मागच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी तो ताशी १३० मैलांच्या आसपास, मी १२०. दुसऱ्या सत्रात मी त्याच्या मागेच राहिले. तिसऱ्या सत्राच्या चौथ्या फेरीत त्याचे ब्रेक लाइट नेहमीच्या खुणेच्या बरेच आधी लागले, मग विझले, मग पुन्हा लागले. तो पेडल पंप करत होता. वळण न घेता तो सरळ रनऑफमध्ये, म्हणजे वळणाबाहेरच्या मोकळ्या जागेत गेला आणि सावकाश पिटमध्ये परतला. मी खिडकीशी पोचले तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता.

"पेडल खालीच गेलं गं. उशीवर पाय ठेवल्यासारखं."

दोष गाडीचा नव्हता. कॅलिपर ब्रेम्बोचे, पुढे सहा पिस्टनचे, डिस्क १५.४ इंचांच्या, त्यात काडीचीही खोट नाही. दोष ब्रेक ऑइलचा होता, दादानं ते तीन वर्षं बदललंच नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको, असं मानक सांगतं. पाणी मुरल्यावरची हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. त्यापुढे कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ पडतं. मी बाटलीत थोडं काढून उन्हात धरलं. ताजं ऑइल फिकट पिवळं, जवळजवळ पाण्यासारखं असतं. हे कोऱ्या चहासारखं होतं.

पण मग तेवढ्याच फेऱ्यांत माझं पेडल घट्ट का राहिलं? माझं ऑइल नवं होतं, हे एक. दुसरं कारण वजन. हेलकॅट सुमारे ४,५७५ पौंडांची, माझी गाडी ३,८६०. फरक सव्वातीनशे किलोंचा, म्हणजे चार धडधाकट माणसं कायम मागे बसलेली. गतिज ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत. १३० मैलांवरून थांबणारी हेलकॅट १२० मैलांवरून थांबणाऱ्या सीटी४पेक्षा जवळपास ४० टक्के जास्त उष्णता डिस्कमध्ये ओतते, तीही प्रत्येक फेरीत, प्रत्येक वळणाला. माझ्या डायनोवर एवढ्या फरकाचा अर्थ तांबूस डिस्क आणि निखारा झालेली डिस्क असा होतो. ९० आणि १२७ डॉलरमधले ते ३७ डॉलर कुठे जातात याचं उत्तर मला त्या पिटमध्ये मिळालं. वजन कमी ठेवायला, गाडी वळवायला आणि थांबवायला पैसे लागतात, आणि घोड्यांच्या संख्येत ते दिसत नाहीत.

ते पैसे सगळ्यात जास्त कळतात शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये. दोन्ही ब्लॅकविंगला मॅग्नेटिक राइड कंट्रोल आहे. शॉकमधल्या तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात. पिस्टनमधल्या कॉइलला वीज दिली की कण रांगेत उभे राहतात आणि तेल क्षणात घट्ट होतं, वीज काढली की पुन्हा पातळ. रस्ता कसा आहे ते सेन्सर सेकंदाला हजार वेळा वाचतात. हे तंत्र कॅडिलॅकनं पहिल्यांदा २००२च्या सेव्हिल एसटीएसमध्ये आणलं, म्हणजे त्यांची वीस वर्षांची मेहनत त्यामागे आहे. मिशिगनमध्ये मार्च महिन्यात बर्फ वितळला की रस्त्यांची चाळण होते. तेव्हा मी याच गाडीनं ऑफिसला जाते आणि तिच्याच शॉकवर शनिवारी जिंजरमनची वळणं घेते. मोड बदलला की तीच गाडी वेगळी वागते. ट्रॅक्शन कंट्रोलचे ट्रॅकसाठी वेगळे टप्पे आहेत, ओल्या रस्त्यापासून थेट शर्यतीपर्यंत, आणि ते नवख्याला शिकवत शिकवत पुढे नेतात. गाडीच्या माहितीपुस्तकात ट्रॅकवर जाण्याआधी काय करायचं याचा वेगळा भाग आहे. असं पुस्तक लिहिणाऱ्या माणसांनी गाडी खरोखर पळवून पाहिली आहे, हे वाचताना जाणवतं.

मी सहा गिअरची मॅन्युअल घेतली. कंपनीचा शून्य ते ६० मैलांचा ३.८ सेकंदांचा आकडा दहा गिअरच्या ऑटोमॅटिकचा आहे, माझी त्याहून थोडी मागे राहते. मला चालतं. क्लच, गिअर आणि हात यांचं जे जमतं, त्यासाठीच मी ही गाडी घेतली. चार्जर हेलकॅटला मॅन्युअल कधीच आली नाही, दोन दारांच्या चॅलेंजरला मिळत होती. गाडीच्या किमतीतच नेवाडातल्या स्प्रिंग माउंटनला दोन दिवसांचं शिक्षण मिळतं, विमानाचं तिकीट आपलं. मी गेले आणि आल्यावर माझं ब्रेक दाबणं बदललं. आधी जोरात, मग हळूहळू सोडत वळणात शिरायचं. रोज ब्रेकवर काम करणाऱ्या मला ते चाळिशीत शिकायला मिळालं, याचा मला आनंदच झाला.

सीटी५-व्ही ब्लॅकविंग ही या सगळ्यांत सर्वोत्तम गाडी आहे. हे लिहिताना मला जराही शंका नाही. ६६८ हॉर्सपॉवरची सुपरचार्जर व्ही८, हवी तर मॅन्युअल, ताशी २०० मैलांच्या वर, आणि वजन ४,१०० पौंडांच्या आसपास, म्हणजे हेलकॅटपेक्षा साडेचारशे पौंडांनी कमी. इंजिन केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला एकच माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत हातानं जोडतो आणि त्याच्या नावाची पट्टी इंजिनावर लावली जाते. गाडी बनते लान्सिंगला, आमच्यापासून तासाभरावर. त्या गृहस्थांनी मला सलग दोन सत्रं ती दिली. उतरल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. हेलकॅटचा गडगडाट आणि माझ्या गाडीचं शहाणपण, दोन्ही एकाच बॉनेटखाली. मागे माणसंही नीट बसतात. पण बाजारात आल्या तेव्हा दोघींच्या किमतीत २५ हजार डॉलरचा फरक होता आणि माझ्या घरात मुलीच्या कॉलेजचं खातं आहे. कार्बन सिरॅमिक ब्रेक घेतले तर तेव्हा आणखी नऊ हजार. रोज फक्त ऑफिसला जाणाऱ्याला ते मुळीच नकोत, लोखंडी डिस्क पुरतात.

घेतानाचा एक अनुभव सांगायलाच हवा. २०२२ साली आमच्या भागातल्या एका डीलरकडे गेले तेव्हा खिडकीवर कंपनीच्या किमतीच्या स्टिकरशेजारी दुसरं स्टिकर होतं: मार्केट अ‍ॅडजस्टमेंट, दहा हजार डॉलर. गाडी तीच, त्यात एक नटही जास्तीचा नाही. मी विचारलं, हे कशाबद्दल? सेल्समन म्हणाला, तुम्ही नाही घेतली तर संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी घेईल. मी उठले. शेजारच्या गावात एका छोट्या डीलरनं ऑर्डर लिहून घेतली, पाच महिने थांबायला लावलं आणि स्टिकरवरच्या किमतीलाच किल्ली दिली. दहा हजार डॉलर म्हणजे माझ्या भागाकारात एका घोड्यामागे २१ डॉलर. तेव्हा किमती तोलायच्या तर छापील किंमत नको, सही करताना समोर येणारा शेवटचा आकडा घ्या. त्यात गॅस गझलर टॅक्सही धरा. ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या हिशोबानं एका गॅलनला २२.५ मैलांहून कमी धावणाऱ्या गाड्यांवर केंद्र सरकार हा कर लावतं, हजार डॉलरपासून ७,७०० पर्यंत.

विम्याचा फरकही लहान नाही. विम्याचे दावे मोजणाऱ्या एचएलडीआय या संस्थेनं २०२३मध्ये जाहीर केलं की २०२० ते २०२२च्या चार्जर हेलकॅटच्या चोरीचे दावे सरासरी गाडीच्या ६० पटींहून जास्त आहेत. डॉजनं त्याआधीच, २०२१मध्ये, पिन नंबरचं सॉफ्टवेअर आणलं होतं. पिन चुकला की इंजिन मिनिटाला ६७५ फेऱ्यांच्या वर जात नाही आणि ताकद तीन हॉर्सपॉवरच्याही खाली येते. दादानं ते पहिल्याच आठवड्यात टाकून घेतलं, तरी गाडी रात्री कधीही बाहेर ठेवत नाही. हॉटेलात उतरायचं ठरलं की तो आधी पार्किंगबद्दल विचारतो, मग खोलीबद्दल.

प्लेडबद्दल थोडक्यात. सरळ रेषेत तिच्यासमोर वरची एकही गाडी उभी राहू शकत नाही. १.९९ सेकंदांचा शून्य ते ६०चा आकडा पहिला सुमारे एक फूट न मोजता दिलेला आहे, ड्रॅग स्ट्रिपवर तशीच पद्धत असते. पण तो फूट मोजूनही ती सगळ्यांच्या पुढे. पाय दाबला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला आणि दुसऱ्यांदा दाबायच्या आधी मी मैत्रिणीला विचारलं. किमतीत मात्र मोठी उलथापालथ. जी गाडी २०२१मध्ये १,२९,९९० डॉलरला आली, ती २०२३च्या सप्टेंबरमध्ये ८९,९९० वर आली, म्हणजे माझ्या भागाकारात १२७ वरून ८८, हेलकॅटच्याही खाली. मैत्रिणीनं आधी घेतली होती. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. वजन ४,७६६ पौंड, आणि ट्रॅकवर १३० मैलांवरून थांबताना काम शेवटी डिस्कलाच करावं लागतं. पुढे टेस्लानं कार्बन सिरॅमिक ब्रेकचं वेगळं पॅकेज विकायला काढलं. प्लेड ट्रॅकवर न्यायची असेल तर ते मी आधी घेईन. नुसतं हायवेवर कुटुंबाला शांतपणे आणि वेगानं न्यायचं असेल तर जुन्या बाजारात प्लेड शोधणं आज शहाणपणाचं आहे.

आणि माझी एसएस. तिच्याकडे वळून कुणी पाहिलं नाही, कारण ती भाड्याच्या गाडीसारखी दिसायची. मूळची ऑस्ट्रेलियाची होल्डन कमोडोर, ॲडलेडजवळ एलिझाबेथला बनलेली. आत ६.२ लिटरचं एलएस३ व्ही८ इंजिन, सुपरचार्जर नाही, काही नाही. २०१५पासून तिलाही मॅग्नेटिक राइड मिळाली. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये तो कारखानाच बंद झाला. चार वर्षांत त्या गाडीनं मला एकदाही वाटेत सोडलं नाही. चाळीस हजारांच्या आत, व्ही८, मॅन्युअल आणि मागे तीन माणसं असं सगळं हवं असेल तर मी आजही जुन्या बाजारात नीट ठेवलेली एसएस शोधेन. मॅन्युअलचा हट्ट नसेल तर स्कॅट पॅक. ४८५ घोडे रस्त्यावर कुणालाही पुरतात, सुपरचार्जर नसल्यामुळे इंजिनावरचा ताणही कमी, आणि ८२ डॉलरचा भाव तिचाच.

पैसे हाताशी असतील, तर सीटी५. मुलं लहान असतील किंवा घरात दुसरी मोठी गाडी असेल, तर सीटी४, आणि उरलेल्या पैशांतले थोडे टायर, पॅड आणि ट्रॅकच्या फीसाठी बाजूला ठेवा. जुन्या बाजारात हेलकॅट घेणाऱ्याला मी अडवणार नाही. फक्त गाडी घरी आल्याच्या आठवड्यात ब्रेक ऑइल बदला, तीनशे अंशांच्या वर उकळणारं घाला, आणि ट्रॅकवर जात असाल तर दर हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा बदला. चाळीस टक्के जास्तीची उष्णता झेलायची ती त्यालाच.

यंदा मे महिन्यात दादाच्या गॅरेजमध्ये आम्ही तेच केलं. वहिनी आत बसून पेडल दाबत होत्या, मी चाकाशी बसून ब्लीडर, म्हणजे जुनं ऑइल सोडायचा स्क्रू, सैल-घट्ट करत होते, दादा बाटली धरून. "दाबा... धरा... सोडा," असं चारही चाकांना. नळीतून कोऱ्या चहाचा रंग जात जात फिकट पिवळा आला, बुडबुडे थांबले. वहिनी म्हणाल्या, "आता पाय आतच जात नाही गं." जिंजरमनला त्या शनिवारी दादा चार सत्रं पळाला. सरळ पट्ट्यावर त्यानं मला प्रत्येक वेळी ओलांडलं, आणि या वेळी त्याचे ब्रेक लाइट खुणेवरच लागले.